यात्रेच्या गाडीतली पाण्याची टाकी



महाशिवरात्र जवळ आली की आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या गावागावांतून पचमढीच्या मोठ्या महादेवाला जायची तयारी सुरू होते. गाडी ठरते, शिधा बांधला जातो, त्रिशूळ निघतो. पाणी मात्र सगळ्यांत शेवटी आठवतं. निघायच्या पहाटे कोणीतरी टाकीत पाइप सोडतं आणि म्हणतं, "झालं, भरली!"

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे असंच झालं. पंधरा माणसं, गाडीत मागे २०० लिटरची टाकी. दुसऱ्या दिवशी छिंदवाड्याच्या पुढे नणंदेच्या आठ वर्षांच्या मुलीला हगवण-उलटी लागली. मग आणखी चौघांना. पोरीला दवाखान्यात सलाइन लावावं लागलं. डोंगर चढणं राहिलं, देवाचं दर्शन राहिलं. घरी येऊन टाकी उघडली, तर तळाशी बोटभर गाळ. वर्षभर ती गोठ्यामागे उघडी पडली होती आणि आम्ही नुसती खळखळून भरली होती. म्हणून आज हाच विषय घेतला.

पहिली गोष्ट, टाकी कोणती? पूर्वी फवारणीचं औषध, रसायन किंवा डिझेल ठेवलेला ड्रम कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला वापरायचा नाही. झाकण घट्ट बसणारी, खाली तोटी असलेली प्लास्टिकची टाकी घ्या. ती छतावर ठेवू नका. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो वजन, आणि अर्धी टाकी घाटाच्या वळणावर हिंदकळते. खाली, गाडीच्या तळावर, दोराने आवळून बांधा.

दुसरी गोष्ट, निघायच्या दोन दिवस आधी टाकी धुवा. आत ब्रश फिरवून गाळ काढा. मग पाव टाकी पाणी घेऊन त्यात ब्लीचिंग पावडर टाका. २०० लिटरला साधारण ३० ग्रॅम. ही पावडर आधी बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं पाणीच टाकीत ओता. टाकी काठोकाठ भरा, झाकण लावा, २४ तास राहू द्या. थोडं पाणी तोटीतूनही सोडा, म्हणजे तोटी आतून साफ होते. हे पाणी पिण्याचं नाही. ते बोडीत किंवा विहिरीजवळ सोडू नका, मासे मरतात. नंतर टाकी दोनदा चांगल्या पाण्याने विसळा. आणि एक लक्षात ठेवा, ब्लीचिंगमध्ये ॲसिड किंवा संडास धुवायचं औषध कधीच मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

तिसरी गोष्ट, पाइप. धानाला फवारणी करायचा किंवा गोठा धुवायचा पाइप वापरू नका. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा ठेवा. त्याची तोंडं जमिनीला लागू देऊ नका. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी सोडून द्या. आणि पाइपाचं टोक टाकीतल्या पाण्यात बुडवून ठेवू नका, वर वीतभर अंतर राहू द्या. का, तर नळाचं पाणी मध्येच बंद झालं की लाइनमध्ये ओढ तयार होते आणि टाकीतलं पाणी उलटं नळात जातं. आपल्या टाकीतली घाण सगळ्या गावाच्या नळाला! नळाला सरळ टुल्लू पंप लावला तरी तेच. फुटक्या लाइनमधून नालीचं पाणी आत ओढलं जातं.

चौथी गोष्ट, पाण्याचं शुद्धीकरण. १००० लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर लागते. म्हणजे आपल्या टाकीला अर्धा ग्रॅम. एवढं घरी मोजता येत नाही. म्हणून आशाताईंकडून किंवा उपकेंद्रातून क्लोरिनच्या गोळ्या किंवा द्रावण घ्या, वेष्टनावर लिहिलं तेवढंच टाका आणि अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या. गढूळ पाण्यात क्लोरिनचं काम नीट होत नाही. गावच्या जलसुरक्षकाला ओटी टेस्ट करायला सांगा. पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरिन शिल्लक आहे. पण क्लोरिनने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. म्हणून ज्या बोरिंगचं पाणी पिऊ नका असं सांगितलं आहे, तिथून भरूच नका.

रस्त्यात पाणी संपलं तर? नदी वाहते आहे म्हणून पाणी चांगलं, असं समजू नका. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून आपल्या वैनगंगेत येतं, हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको. गावातल्या पिण्याच्या नळावर विचारून भरा, आणि प्रत्येक वेळी भरल्यावर गोळी पुन्हा टाका. हात धुवायला, भांड्यांना वेगळी कॅन ठेवा. टाकीत गिलास बुडवायचा नाही, तोटीनेच घ्यायचं.

मागच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. टाकीची चावी माझ्याकडे होती. नणंदेची पोर डोंगर चढली, आणि वर जाऊन तिने पहिलं काय मागितलं असेल? पाणी! मी निर्धास्तपणे बाटली तिच्या हाती दिली.

यंदा तुमच्या गाडीतही टाकीची जबाबदारी एकीने घ्या.