गाडी भरणं सोपं, पोचवणं अवघड
(स्वागताध्यक्षीय भाषण)



पनवेल हे कोकणचं प्रवेशद्वार आहे, हे वाक्य इथल्या प्रत्येक स्वागताध्यक्षानं म्हटलेलं आहे. मीही म्हणतो आणि मोकळा होतो. वासुदेव बळवंत फडक्यांचं शिरढोण इथून जवळ. कुष्ठरुग्णांसाठी उभं राहिलेलं नेऱ्याचं शांतिवन आणि ताऱ्याचं युसूफ मेहेरअली सेंटर याच तालुक्यात. सेवेची परंपरा पनवेलला नवी नाही. पण युद्धग्रस्त भागातल्या मदतीवरच्या परिषदेचा स्वागताध्यक्ष म्हणून कळंबोलीच्या एका ट्रकवाल्याला का निवडलं, हा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. मलाही पडला होता. कार्यक्रमपत्रिका वाचली आणि उत्तर सापडलं. त्यातले निम्मे विषय वाहतुकीचे आहेत.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. दुसऱ्या दिवसापासून चौक गावाच्या बाजूला मदतीच्या गाड्यांची रीघ लागली. वाडीपर्यंत मात्र एकही गाडी जाऊ शकत नव्हती. वर जायला पायवाट, तीही पावसानं निसरडी. जेसीबी चढेना, हेलिकॉप्टर उडेना. माणसांनी कुदळ-फावड्यानं ढिगारा उपसला. लक्षात घ्या, इथं वाट अडवून कोणी उभं नव्हतं. सरकार आपलं, पोलीस आपले, भाषा एक. तरी शेवटचा चढ पायीच चढावा लागला. त्या चढावर दोन बाजूंच्या बंदुका रोखलेल्या आहेत अशी कल्पना करा, म्हणजे या परिषदेचा विषय समजेल.

युद्धात रस्त्याआधी परवानगी लागते. २०२१ च्या अखेरीस अफगाणिस्तानात उपासमारीची वेळ आली, तेव्हा भारतानं ५० हजार टन गहू देऊ केला. गहू आपल्या गोदामात होता. पण मधे पाकिस्तान. गाड्या कोणाच्या, यावरच घोडं अडलं. भारतीय गाड्या त्यांना नकोत, पाकिस्तानी गाड्या आपल्याला नकोत. शेवटी तोडगा निघाला की अफगाण ट्रक आणि अफगाण ड्रायव्हर अटारीला येतील, आपले हमाल माल त्यांच्या गाड्यांत भरतील आणि ते तो जलालाबादला नेतील. पहिला ताफा २२ फेब्रुवारी २०२२ रोजी निघाला. माल एकाचा, रस्ता दुसऱ्याचा, गाडी तिसऱ्याची! आमच्या धंद्यात असा व्यवहार कोणी सांगितला, तर आम्ही त्याला चहा पाजून परत पाठवू. पण गहू पोचला. एवढ्या अटी मान्य करून घेणाऱ्या अधिकाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. ते महिने उपाशी पोटी काढणाऱ्यांना मात्र या कौतुकाचा उपयोग नव्हता.

गाझाच्या केरेम शालोम नाक्यावर इजिप्तकडून आलेला माल उतरवून, तपासून पॅलेस्टिनी ट्रकांत पुन्हा भरावा लागतो. जनरेटर, पाण्याचे पाइप यांसारख्या वस्तू लष्करी कामाला येतील या शंकेवरून अडतात. सुदानमध्ये तर चाडकडून दारफुरात जाणारा आद्रेचा नाका फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाला आणि ऑगस्टच्या मध्यावर उघडला. त्याच ऑगस्टच्या सुरुवातीला दारफुरातल्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला होता. अन्न सीमेपलीकडे, भूक अलीकडे, आणि मधे एक शिक्का.

बरं, परवानगी मिळाली म्हणजे जीव वाचला असंही नाही. १ एप्रिल २०२४ रोजी गाझात ‘वर्ल्ड सेंट्रल किचन’ या मदतसंस्थेच्या ताफ्यानं आपला मार्ग इस्रायली सैन्याला आधी कळवला होता. गाड्यांवर संस्थेची खूण होती. तरी हल्ला झाला आणि सात जण गेले. पुढच्याच महिन्यात, १३ मे रोजी, राफामध्ये संयुक्त राष्ट्रांच्या गाडीवर मारा झाला आणि कर्नल वैभव काळे मारले गेले. भारतीय सैन्यातून निवृत्त होऊन ते संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात नुकतेच रुजू झाले होते. त्यांचं पार्थिव पुण्याला आलं. इतरांना सुखरूप नेणं हेच ज्याचं काम, तो माणूस इस्पितळाकडे जाताना गेला. या सभागृहाच्या वतीनं मी त्यांना आदरांजली वाहतो.

आता थोडं अवघड बोलतो. मराठी माणूस आणि युद्धभूमीवरची सेवा म्हटलं की सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. काँग्रेसनं चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. पथकानं सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबई सोडली आणि येनान गाठायला फेब्रुवारी १९३९ उजाडला. कोटणीस पुढे आघाडीवर गेले, तिथल्या बेथ्यून इस्पितळाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी वारले. पण कोटणीस तटस्थ होते का? नव्हते. जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्यांच्या बाजूनं ते उभे राहिले. आजच्या रेडक्रॉसच्या नियमात ते बसले नसते. मला स्वतःला वाटतं, ज्याला दोन्ही बाजूंचे जखमी उचलायचे आहेत, त्यानं बाजू घेऊ नये. कारण त्याच्या गाडीला वाट मिळते ती त्याच्यावरच्या विश्वासावर. पण अन्याय डोळ्यांदेखत चालला असताना गप्प राहायचं का? इथं जमलेल्या अनुभवी मंडळींनी दोन दिवसांत यावर कडाडून भांडावं. जेवणाची व्यवस्था चांगली आहे, भांडायला ताकद पुरेल.

एक विनंती पनवेलकरांना. जुने कपडे गोळा करून पाठवू नका. ते निवडायला माणसं लागतात, न्यायला गाडी लागते, आणि तेवढ्या जागेत औषधं गेली असती. अनुभवी संस्थेला पैसे द्या.

दुसरी विनंती परिषदेला. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीप्रमाणे २०२४ मध्ये जगभरात ३८३ मदत कर्मचारी मारले गेले. त्यांतले बहुतेक परदेशी तज्ज्ञ नव्हते. त्याच देशातले ड्रायव्हर, परिचारिका, गोदामातले कामगार होते. आपल्याकडच्या साध्या वाहनविम्यात युद्धाचा धोका वगळलेला असतो. म्हणजे गाडीवर बॉम्ब पडला, तर त्या विम्यातून गाडीचेही पैसे मिळत नाहीत. मदतीचा माल नेणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हर-क्लीनरचा युद्धजोखमीसह विमा उतरवला जावा, त्याला प्रशिक्षण मिळावं आणि त्याचा खर्च मदतीच्या अंदाजपत्रकातच धरला जावा, असा ठराव समारोपाच्या सत्रात मांडावा. सूचक म्हणून माझं नाव घाला. अनुमोदक तुमच्यातून हवा.