कोड्यातले गुपित



‘उलटी फिरली नदी, झाली गरीब.’ उत्तर दोन अक्षरी. येथे भूगोल उपयोगी पडत नाही. ‘गरीब’ हा अर्थ. ‘नदी’ उलटी वाचली की ‘दीन’. इंग्रजी कूटकोड्याची रीत हीच. सूत्राचा एक भाग अर्थ सांगतो, दुसरा अक्षरे हलवतो. सांधा तेवढा लपविलेला असतो.

काही कोड्यांत उत्तरांचेही आपसांत नाते असते. दोनतीन उत्तरे एका गोत्रातली निघाली की आम्ही थबकतो आणि चौथे त्याच घरात शोधतो. (कधी ते गोत्र आमच्याच मनातले ठरते आणि रबर हाती घ्यावे लागते!)

जॉन ग्रॅहॅम नावाचे पाद्री १९५८ पासून ‘गार्डियन’ पत्रात कोडी रचीत. टोपणनाव ‘अरॉकेरिया’. जानेवारी २०१३ मधल्या एका कोड्यावर त्यांनी टीप दिली : अरॉकेरियाला उभे १८ झाले आहे, ते १९ चे, उपचार १३-१५. अठराव्या सूत्राचा वरवरचा अर्थ ‘वाढीची खूण’. पण इंग्रजीत खुणेला आणि राशीला शब्द एकच, आणि वाढ म्हणजे गाठही. उत्तर कॅन्सर. आपल्याकडेही कर्क राशीत आहे आणि रोगातही! एकोणीस म्हणजे अन्ननलिका. तेरा-पंधरा म्हणजे वेदना हलक्या करणारी शुश्रूषा.

वाचकाने चौकोन भरीत जावे, उत्तर जुळल्याचा आनंद व्हावा, आणि त्याच क्षणी कळावे की आपण सोडविली ती कोडे रचणाऱ्याच्याच दुखण्याची वार्ता! तेव्हा ते ९१ वर्षांचे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते वारले.