मोटारीखालची जमीन

पांढुर्णा म्हटले की बाहेरच्या माणसाला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची जाम नदीवरील गोटमार आठवते. परंतु वर्षाच्या उरलेल्या दिवसांत येथील गृहस्थाचा झगडा चालतो तो दगडाशी नव्हे, पायाखालच्या काळ्या मातीशी. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा व सौंसर या दोन तहसिली निराळ्या काढून जो नवा जिल्हा करण्यात आला, त्यात ही माती जागोजागी आहे. कपाशीला ती मानवते. घर बांधणाऱ्याला मात्र ती पुरेपूर छळते.

पूर्वी घराच्या कडेला बैलगाडीची छपरी असे. मुरूम ठोकून घेतला, फार तर ओबडधोबड दगड बसविले, की बैलांचे व गाडीचे काम भागे. आता त्याच छपरीत मोटारसायकल आली, ट्रॅक्टर आला, कुठे मोटारही आली. मग मुरमावर तेलाचे डाग पडतात, धूळ घरात येते, आणि घरधनी तालुक्याच्या दुकानात जाऊन विचारतो, "गाडीखाली काय घालावे?" दुकानदार जे दाखवितो ते सारे वरून घालावयाचे असते. वस्तुतः या प्रश्नाचे उत्तर खालून सुरू होते.

काळ्या मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात आक्रसतात. हाताचा पंजा सहज जाईल अशा भेगा वैशाखात शेतात पडतात, त्या याच कारणाने. घराच्या भिंतीचा भार पायावर असतो. गाडीखान्याची फरशी मात्र हलकी व पसरट, तेव्हा माती तिला सहज उचलते. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीचा दीर्घकाळ अभ्यास केला. सुमारे एक मीटर खोलीखाली तिचे फुगणे जवळजवळ थांबते, असे त्यांना आढळले. म्हणून फुगरी माती काढून तेथे न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा थर द्यावा, ही त्यांची पद्धत. कालव्यांच्या कामात ती उपयोगी पडली. चांगला मुरूम हा तसाच पदार्थ होय. घरच्या छपरीसाठी मीटरभर खोदणे प्रत्येकाला परवडणार नाही, हे उघड आहे. तथापि जितकी काळी माती निघेल तितकी काढून, मुरूम थराथराने पाणी देत धुम्मसाने ठोकला, तर तो खर्च वाया जात नाही. वरच्या चकाकीसाठी राखून ठेवलेले पैसे येथे घालावेत.

मुरमावर दगडाचे सोलिंग, त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद, आणि त्यावर चार इंच काँक्रीट. ट्रॅक्टर उभा करावयाचा असेल तर पाच-सहा इंच. हा कोबा भिंतीला जोडू नये, बारीक फट ठेवावी. मोठा असल्यास त्याचे चौकोन पाडावेत. दाराकडे उतार हवा, मीटरमागे एक-दोन सेंटिमीटर पुरतो. आपल्याकडे गवंडी ओल्या कोब्यावर कोरडे सिमेंट भुरभुरून तो आरशासारखा घोटतात. पाहणाऱ्याला ते फार आवडते. पण त्याच पातळ सायीला बारीक तडे जातात, तिची भुकटी उडते, आणि पावसाळ्यात चप्पल घसरते ती निराळीच. घोटाई संपता संपता केरसुणीने हलक्या रेघा ओढाव्यात. नंतर दोन आठवडे पाणी मारावे. आपल्या उन्हात यात कसूर झाली तर पुढचे सारे व्यर्थ.

आता आवरणे. दुकानातील गुळगुळीत टाइल्स बैठकीत शोभतात. तेल व पाणी पडलेल्या गुळगुळीत टाइलवरून घरातील म्हातारे माणूस घसरले तर खुब्याचे हाड मोडते, आणि त्याचा खर्च टाइलच्या हिशेबात कुणी धरीत नाही. शिवाय खाली पोकळी राहिलेली टाइल चाकाखाली फुटते. शहाबादी किंवा कोटा फरशी अधिक सोशिक. मात्र दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. बॅटरीतील तेजाब त्यांना खाते, आणि संत्र्याचा रसही हळूहळू तेच करतो. ज्या छपरीत हंगामात संत्र्यांची खोकी उतरतात, तेथे फुटलेल्या फळांचे पाणी त्याच दिवशी धुवून काढावे. सिमेंटलाही हाच नियम लागू.

इपॉक्सी या नावाचा दोन द्रव्ये मिसळून लावावयाचा रंग अलीकडे शहरांतून आला आहे. तेल, आम्ल यांना तो चांगला दाद देत नाही, झाडायला सोपा. पण त्याच्या अटी कडक आहेत. कोबा निदान २८ दिवसांचा असावा, वरची साय खरवडलेली असावी, आणि खालून ओल येता कामा नये. ओल असली तर रंगाला फोड येतात. हलक्या प्रतीचा रंग तापलेल्या टायरला चिकटून सालीसारखा निघतो; उन्हाने पिवळाही पडतो. ओलीची परीक्षा बिनखर्ची आहे: दीड फूट चौरस पारदर्शक प्लॅस्टिक कोब्यावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून किमान सोळा तास ठेवावे. आत थेंब जमले किंवा जागा काळपट पडली, तर इपॉक्सीचा विचार सोडावा. मात्र ही परीक्षा मे महिन्यात घेऊन समाधान मानू नये. ती भाद्रपदात घ्यावी.

रबरी चटया अंथरणे सर्वांत सोपे. पण त्यांच्याखाली पाणी व माती अडकते, म्हणून त्या अधूनमधून उचलून वाळवाव्या लागतात, आणि हे काम अखेर घरातील स्त्रीच्या अंगावर पडते. चटई घेणाऱ्याने तेवढे आधी ठरवून घ्यावे.

बहुतेक शेतकरी घरांना रेघा ओढलेला साधा कोबा पुरेसा आहे. जुन्या कोब्यात तेल मुरलेले असेल, त्यावर टाकलेला पाण्याचा थेंब शोषला न जाता तसाच राहत असेल, तर त्यावर कोणताही रंग टिकावयाचा नाही. तेथे इंजिनाखाली पत्र्याचे पसरट तसराळे ठेवावे, त्यात मूठभर लाकडाचा भुसा घालावा, आणि भुसा तेलाने भिजला की बदलावा.