बिनआरशाचा कॅमेरा घेण्याआधी

गटाच्या बैठकीला आम्ही गावोगाव जातो, तेव्हा हल्ली एक प्रश्न हमखास येतो. मोबाइलवर चांगले फोटो काढणारी एखादी मुलगी किंवा सून प्रत्येक गटात असते. बारसं, डोहाळजेवण, हळद असली की सगळ्या तिलाच बोलावतात. मग ती विचारते, "ताई, गटातून कर्ज काढून मिररलेस कॅमेरा घेऊ का?" आज आपण त्यावरच बोलू.

आधी मिररलेस म्हणजे काय ते पाहू. जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यात भिंगामागे तिरपा आरसा असतो. त्यावरून उजेड वर जातो आणि आपल्याला समोरचं दिसतं. बटण दाबलं की आरसा खट्‌कन वर उचलला जातो. मिररलेसमध्ये हा आरसाच नसतो. उजेड सरळ सेन्सरवर पडतो आणि चित्र पडद्यावर दिसतं. फोटो काळपट येणार की पांढरा पडणार, ते बटण दाबण्याआधीच बरंचसं कळतं. शिकणाऱ्या बाईला याचा मोठा आधार होतो. असे कॅमेरे २००८ पासून बाजारात आले. आता कंपन्यांची नवी मॉडेलं बहुतेक याच जातीची असतात.

उदाहरणाला कॅनन ईओएस आर५० घेऊ. तो २०२३ मध्ये आला आणि हौसेनं फोटो काढणाऱ्यांसाठी बनवलेला आहे. बॅटरी आणि कार्ड धरून, भिंग सोडून, वजन पाऊण पावशेरासारखं वाटावं इतकं कमी नाही, पण ४०० ग्रॅमच्या आतच आहे. मेगापिक्सेल २४. म्हणजे फोटोत आडवे ६००० आणि उभे ४००० ठिपके. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले, तरी २० इंच रुंद फोटो निघतो. अल्बमला एवढं पुरून उरतं. तेव्हा दुकानदार जास्त मेगापिक्सेलचा आग्रह धरू लागला, तर हा हिशोब त्याला सांगा.

खरी परीक्षा उजेडाची. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-४५ भिंगावर ४.५-६.३ असा आकडा असतो. हा आकडा जितका लहान, तितका भिंगातून उजेड जास्त येतो. दिवसा अंगणात हे भिंग छान चालतं. पण संध्याकाळी मांडवात किंवा माजघरात ते कमी पडतं. फोटो दाणेदार येतो, नाहीतर हललेला येतो. त्याच ठिकाणी ५० मिलिमीटरचं १.८ आकड्याचं भिंग लावलं, तर ६.३ च्या मानानं सुमारे बारा पट उजेड आत येतो. नवरीचा चेहरा त्यात सुरेख येतो. मात्र या कॅमेऱ्यावर ते समोरचं फार जवळ आणतं. लहान खोलीत दहा माणसांचा फोटो काढायला मागं सरकायला जागाच उरत नाही. म्हणजे भिंगं दोन्ही लागतील. पैशाचा अंदाज काढताना हे धरूनच चाला.

दुकानात गेलात की कॅमेरा दहा मिनिटं हातात धरा. बोटं बटणांपर्यंत सहज पोचतात का बघा. सोबतच्या मैत्रिणीला डोक्यावर पदर घेऊन दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यातून तुमच्याकडं चालत यायला सांगा. पाच-सहा फोटो काढा. मग पडद्यावर मोठं करून पाहा, डोळे स्पष्ट आलेत का. हे कॅमेरे माणसाचा डोळा शोधून त्यावर नेम धरतात. तो नेम चालत्या माणसावर टिकतो की सुटतो, हे जाहिरातीत कळत नाही, असं करून पाहिल्यावर कळतं.

आता उणिवा. पहिली, या कॅमेऱ्यात कार्ड एकच बसतं. लग्न पुन्हा लागत नाही. कार्ड बिघडलं तर फोटो गेले आणि गावात नावही गेलं. म्हणून दोन-तीन कार्डं ठेवा, विधी संपला की कार्ड बदला, आणि जेवणाच्या वेळात फोटो लॅपटॉपवर उतरवून घ्या. दुसरी, पडदा सतत चालू असल्यानं मिररलेसची बॅटरी लवकर उतरते. एका बॅटरीवर हळद आणि लग्न दोन्ही होणार नाहीत. वीज जाणाऱ्या गावात निदान दोन जास्तीच्या बॅटऱ्या हव्यात. तिसरी, हात हलला तर सावरून धरायची सोय या कॅमेऱ्यात नाही, ती भिंगात असेल तरच मिळते. व्हिडिओला स्टँड लागणारच.

चौथी गोष्ट बऱ्याच मिररलेसची. भिंग बदलताना आरसा मध्ये नसल्यानं सेन्सर उघडा पडतो. आपल्याकडं मळणीची धूळ, जत्रेतला भंडारा, मिरवणुकीतला गुलाल. अशा जागी भिंग बदलूच नका. घरात जा, कॅमेऱ्याचं तोंड खाली करा आणि मगच बदला. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून त्यात कॅमेरा ठेवा.

आवाज न करता फोटो काढायची सोयही असते. कीर्तनात ती उपयोगी. पण लेझीम खेळताना ती वापरली तर वेगानं फिरणारे हात वाकडे येऊ शकतात, आणि एलईडी दिव्यांखाली फोटोवर पट्टे उमटू शकतात. दोन्ही आधी करून पाहा.

आता मुद्द्याचं, पैशाचं. नुसत्या कॅमेऱ्याची किंमत धरू नका. दुसरं भिंग, बॅटऱ्या, कार्डं, स्टँड, पिशवी, सगळं एका कागदावर मांडा. समजा मिळून ७२,००० रुपये झाले. गटानं महिना एक टक्का व्याजानं २४ महिन्यांसाठी दिले, तर मुद्दल ३,००० आणि पहिल्या महिन्याचं व्याज ७२०, असा हप्ता ३,७२० चा. लग्नसराईत तो निघेल. पण चातुर्मासात लग्नं नसतात, तेव्हा काय? बारशी, गणपती-गौरीची आरास, शाळेचे कार्यक्रम, गटाच्या मसाल्याचे आणि गोधड्यांचे विक्रीसाठीचे फोटो, यातून महिन्याला किती येईल ते खरं खरं लिहा. कमी भरत असेल तर त्या चार महिन्यांत फक्त व्याज भरायची मुभा बैठकीत आधीच ठरवून घ्या.

त्याहून बरं म्हणजे आधी भाड्यानं कॅमेरा आणून दोन-तीन कामं करा. लोक पैसे देतात का, वेळेवर देतात का, दोन्ही कळेल. फोटो फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे असतील, तर चांगला मोबाइल पुरे. कर्जाच्या भानगडीत पडू नका. आणि तीन-चार जणींना हौस असेल, तर गटानंच एक कॅमेरा घ्यावा. कोणी कधी नेला, कसा परत आणला, याची वही ठेवावी.

जुना घेणार असाल तर भिंगात बॅटरीचा झोत मारून बुरशीचे धागे दिसतात का पाहा. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, काळे डाग आले तर सेन्सरवर धूळ आहे. खोक्यावरचा, कॅमेऱ्यावरचा आणि बिलावरचा क्रमांक जुळला पाहिजे.

शेवटचं एक. कर्ज जिच्या नावावर, बिलही तिच्याच नावावर करा. कॅमेरा घरात आला की तो दिराच्या किंवा मुलाच्या हातात जातो आणि हप्ता मात्र बाई भरत राहते, असं होऊ देऊ नका. कामाचे पैसे तिच्या खात्यात यावेत आणि कॅमेऱ्याची किल्ली तिच्याच कमरेला असावी. हे सगळं येत्या बैठकीत वाचून दाखवा, त्यावर बोला, आणि मगच सही करा.