कागद आधी चालतो

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



हिंगोलीहून औंढा नागनाथला जाणाऱ्या बसमध्ये हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "दुधाळ्याला ते काय बांधणार आहेत म्हणे?" कुणी म्हणतं भूकंपाचं यंत्र, कुणी म्हणतं दुर्बीण. मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस. तरी मास्तर समजून लोक मलाच विचारतात. म्हणून मी वाचून घेतलं.

तिथं 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे. अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, त्याचा थरार १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी टिपला. वेधशाळेला काटकोनात दोन भुजा असतात, प्रत्येक ४ किलोमीटर लांबीची. लहर आली की त्यांच्या लांबीत अणूच्या केंद्रापेक्षाही कितीतरी लहान असा फरक पडतो आणि लेसरचा किरण तो पकडतो. लहर नेमकी कुठून आली हे कळायला मात्र पृथ्वीवर दूर दूर कान हवेत. त्यातला एक कान आपल्या औंढ्याजवळ असेल.

पण आज मला लहरींबद्दल बोलायचं नाही. मला बोलायचं आहे कागदाबद्दल.

आमचे अब्बा तहसील कचेरीत कारकून होते. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. ते म्हणायचे, "बेटा, कागद आधी चालतो, माणूस मागून." तेव्हा हसू यायचं. आता वाटतं, या वेधशाळेची गोष्टही तीच आहे.

पुण्याच्या 'आयुका'त प्रा. संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी १९९० च्या आसपासच, गोंगाटातून अशा लहरींचा क्षीण संकेत कसा ओळखावा याचं गणित मांडत होते. म्हणजे विद्वानांची ओळख जुनी. पण ओळखीवर वेधशाळा उभी राहत नाही. शोध जाहीर झाला ११ फेब्रुवारी २०१६ ला. अवघ्या ६ दिवसांनी केंद्रीय मंत्रिमंडळानं तत्त्वतः मान्यता दिली आणि ३१ मार्चला अमेरिकेशी सामंजस्य करार झाला. यंत्राचे मुख्य भाग त्यांचे. जागा, इमारत, निर्वात नळ्या आणि माणसं आपली. त्यानंतर अंतिम मंजुरी मिळाली एप्रिल २०२३ मध्ये, सुमारे २६०० कोटी रुपयांची. मधली ७ वर्षं जागेची पाहणी, जमिनीचं हस्तांतर, चाचण्या आणि फायली यांत गेली. 'सरकारी काम, सहा महिने थांब' असं आपण म्हणतो. इथं सात वर्षं थांबावं लागलं.

यात विद्यापीठांचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. अमेरिकेतली लायगो प्रयोगशाळा कॅलटेक आणि एमआयटी ही दोन विद्यापीठंच चालवतात. आपल्याकडे पुढाकार घेणाऱ्या संस्थांपैकी आयुका हे विद्यापीठ अनुदान आयोगानं १९८८ साली सर्व विद्यापीठांसाठी काढलेलं सामायिक केंद्र. संशोधक परदेशी सहकाऱ्याशी बोलतो, पण करारावर सही संस्थेची लागते. तो मसुदा वाचणारं, पैशाचा हिशेब ठेवणारं, शोध लागला तर हक्क कुणाचा हे आधीच लिहून घेणारं कुणीतरी कचेरीत बसलेलं असावं लागतं. परदेशी संशोधक आला तर व्हिसासाठी पत्र द्यायचं, तो मुक्कामाला उतरला की चोवीस तासांत नोंद करायची. परदेशी पैशातून आरोग्याचं संशोधन असेल तर छाननी समितीकडे जायचं. ही कामं वर्तमानपत्रात येत नाहीत. पण एक राहिलं की सगळं अडतं.

आपल्या हळदीचंच पाहा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण १९९५ साली जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. सीएसआयआरनं आव्हान दिलं आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. आजीचा बटवा तिथं पुरावा ठरला नाही. छापील कागद ठरले. जुने ग्रंथ, १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख. उद्या आपल्या हळदीवर परदेशी विद्यापीठाबरोबर संशोधन झालं, तर करार वाचणारा माणूस आपल्याकडे असेल का?

हा प्रश्न मला उगाच पडलेला नाही. माझी एक भाची भौतिकशास्त्र शिकत होती. परदेशातल्या एका प्राध्यापकानं तिला उन्हाळ्यात दोन महिने कामाला बोलावलं. अट एकच: महाविद्यालयानं एका पानावर सही-शिक्का द्यायचा. ते पान प्राचार्यांच्या टेबलावरून मोठ्या बाबूंकडे गेलं, तिथून परत आलं, पुन्हा गेलं. कुणीच नाही म्हटलं नाही. सगळ्यांना कौतुकच होतं. मुदत संपली तेव्हा पान एका खणात होतं. दोष कुणा एकाचा नव्हता. हे काम कुणाचं, हेच ठरलेलं नव्हतं. भाची आता बँकेत आहे. छान आहे. पण दुधाळ्याचं नाव निघालं की ती विषय बदलते.

२०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं विद्यापीठांना आंतरराष्ट्रीय कामकाजासाठी स्वतंत्र कार्यालय काढायला सांगितलं. उत्तम झालं. पण हिंगोलीची मुलगी त्या कार्यालयापर्यंत जाते ती तिच्या महाविद्यालयाच्या खिडकीतून. तिथं एक टेबल हवं. मोठी इमारत नको. इंग्रजी पत्र वाचू शकणारा, मुदतीची तारीख भिंतीवर लिहून ठेवणारा आणि विद्यापीठात कुणाला फोन करायचा हे माहीत असलेला एक माणूस पुरे. ते त्याचंच काम आहे, असा लेखी आदेश मात्र त्याच्या हातात हवा.

नाहीतर काय होईल? वेधशाळा आपल्या शिवारात असेल. जगभरातले विद्वान येतील. आपली मुलं त्यांच्या गाड्या चालवतील, फाटकावर उभी राहतील. त्या कष्टाला मी कमी लेखत नाही. पण आत बसून पडद्यावरची रेघ वाचणाऱ्यांत औंढ्याचं, कळमनुरीचं, सेनगावचं एखादं पोर असावं, एवढी आशा बाळगायला हरकत नाही.

अब्जावधी वर्षं चालत आलेली लहर दुधाळ्यात ऐकू येईल. त्याआधी एका मुलीचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर वेळेत पोचू द्या.