गुलाबी बादली, हिरवी पट्टी

धामणकर नाक्याच्या आसपास राहणाऱ्या आपल्याला रंगाचं काय नवल? मागावरचं कोरं कापड रंगायला जातं, हे आपण जाणतोच. आजचे रंगारी मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. ते आहेत जिवाणू.

मोरीत, बादलीच्या कडेला गुलाबी थर येतो ना? पुष्कळजणी त्याला गंज समजतात. गंज तांबूस आणि खरखरीत असतो. हा थर बुळबुळीत लागतो. बहुतेक वेळा तो जिवाणूंचा असतो. त्यातला नेहमीचा सेराशिया. १८१९ साली इटलीत मक्याच्या शिजवलेल्या पिठावर याचेच रक्तासारखे डाग पडले आणि गावं घाबरली. बार्तोलोमेओ बिझिओ यांनी दाखवलं की ही करणी नाही, सूक्ष्मजीवाची वाढ आहे.

धडधाकट माणसाला याचा सहसा त्रास होत नाही. पण तान्हं बाळ, उघडी जखम, लघवीची नळी लावलेला रुग्ण घरात असेल तर जपायला हवं. ओलावा आणि साबणाचा मळ यांवर तो वाढतो. म्हणून थर घासून काढा, पाणी घातलेल्या ब्लीचने पुसा, धुवा आणि बादली उपडी ठेवून कोरडी होऊ द्या. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा संडास धुण्याचं औषध कधीही मिसळू नका. विषारी वायू होतो. भातावर, इडलीवर असे डाग दिसले तर सगळंच टाकून द्या.

दुसरा रंग जास्त महत्त्वाचा. मागावर हात कापला, चुलीवर भाजलं आणि जखमेची पट्टी निळसर-हिरवी झाली, तर तो स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूचा रंग असू शकतो. हा रंग त्याचं हत्यारच आहे. इतर जंतूंना आणि आपल्या पेशींनाही तो इजा करतो. अशा वेळी हळद दाबत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि ती पट्टी डॉक्टरांना दाखवा.

काहींना रंग ढालीसारखा उपयोगी पडतो. जून २०२० मध्ये बुलढाण्याचं लोणार सरोवर गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्या पाण्यात खारट जागी वाढणारे सूक्ष्मजीव सापडले. ते जिवाणूंचे लांबचे नातेवाईक. कडक उन्हापासून त्यांचा रंग त्यांना वाचवतो.

मग या रंगांनी कापड रंगेल का? रंगतं! सेराशियाचा लाल आणि दुसऱ्या एका जिवाणूचा जांभळा रंग रेशमावर, लोकरीवर वापरून पाहिला आहे. पण उन्हात तो लवकर विटतो आणि जिवाणू वाढवायचा खर्चही मोठा. त्यामुळे आपल्या कापडावर तो यायला वेळ आहे.

तोवर मैत्रिणींनो, दोन गोष्टी शेजारणीलाही सांगा: गुलाबी दिसलं तर घासा, पट्टी हिरवी दिसली तर दवाखाना गाठा.