जेर्डनचं जालना आणि माझी जुनी पुस्तकं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि 'छंदाबद्दल बोल' असं सांगितलंय. पक्षी, प्राणी, झाडं-वेली यांच्यावरची जुनी पुस्तकं गोळा करणं हा माझा छंद. घरात याला 'रद्दी' म्हणतात. आमच्या घरी पाहुणा आला की सौभाग्यवती आधी सांगतात, ती खोली दाखवू नका.

या छंदाची सुरुवात या शाळेतच झाली, आणि ती चांगली झाली नाही. ते शेवटी सांगतो. सगळ्यांसमोर सांगायचं म्हणूनच आज आलोय.

आधी जालन्याबद्दल. आपण १९७९ ला दहावी झालो तेव्हा आपण औरंगाबाद जिल्ह्यातले. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला. जालना म्हटलं की लोक काय सांगतात? 'जालना सोन्याचा पालना', बियाणं, सळई, मोसंबी. इतिहासवाला असेल तर असईची लढाई, १८०३. पक्ष्यांच्या पुस्तकात जालन्याचं नाव आहे हे कुणी सांगत नाही. मलाही माहीत नव्हतं.

नोकरीच्या कामानं मी हैदराबादला जात असे. तिथं आबिड्सला रविवारी दुकानं बंद असतात आणि फूटपाथवर पुस्तकांचा बाजार भरतो. एका रविवारी एका ढिगात पुठ्ठा निघालेला, कडा तपकिरी झालेला एक इंग्रजी खंड दिसला. 'द बर्ड्‌स ऑफ इंडिया', लेखक टी. सी. जेर्डन. तीन भागांतला एकच भाग, तोही नंतरच्या आवृत्तीचा. विक्रेत्यानं दोनशे सांगितले, सव्वाशेला दिलं. रात्री अजिंठा एक्सप्रेसमध्ये वरच्या बर्थवर झोपून पानं चाळत होतो. एका पक्ष्याच्या माहितीत गावाचं नाव आलं, जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये. एकदा वाचलं, मोठ्यानं वाचलं. जालना! खाली उतरून शेजारच्या माणसाला उठवून दाखवावं असं वाटलं होतं. नाही उठवलं, तो परभणीचा होता.

मग हा जेर्डन कोण, याचा शोध सुरू झाला. थॉमस जेर्डन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेतला डॉक्टर, असिस्टंट सर्जन. १८३६ मध्ये हिंदुस्थानात आला. आधी गंजामकडे होता. पुढे दुसऱ्या लाइट कॅव्हलरीत बदली झाली आणि १८३८ च्या सुमारास त्या घोडदळाबरोबर तो जालन्याच्या छावणीत आला. सुमारे चार वर्षं या भागात राहिला. वय सत्तावीस-अठ्ठावीस. दिवसा पलटणीतल्या लोकांचा ताप-जुलाब बघायचा आणि उरलेल्या वेळात बंदूक घेऊन माळावर, ओढ्याकाठी, तळ्यावर हिंडायचं. दुर्बिणीतून पक्षी बघून ओळखण्याचे ते दिवस नव्हते. पक्षी मारायचा, कातडं सोलून पेंढा भरायचा, मोजमापं लिहायची, मगच शास्त्र. आपल्याला आज ते कसंसंच वाटतं, पण होतं ते असं.

त्यानं जमवलेले पक्षी ओळख पटवण्यासाठी स्कॉटलंडला सर विल्यम जार्डिन या मोठ्या पक्षितज्ज्ञाकडे पाठवले. बोटीचा प्रवास, महिनोन्‌महिने. पेटी पोचली तेव्हा त्या कातड्यांना कसर लागलेली होती. आता तिकडच्या पंडितांच्या भरवशावर राहून उपयोग नाही म्हटल्यावर या तरुण डॉक्टरनं स्वतःच्याच पारखीवर यादी केली. द्वीपकल्पातल्या पक्ष्यांची ही यादी मद्रासच्या एका नियतकालिकात १८३९-४० मध्ये क्रमशः छापून आली. त्याआधी दख्खनच्या पक्ष्यांची यादी कर्नल साइक्स यांची होती, १८३२ ची. जेर्डननं त्यात खूप मोठी भर घातली. म्हणजे ती यादी छापून येत होती त्या काळात तो आपल्याकडे होता, आपल्याच शिवारात फिरत होता.

पुढं त्याच्या बदल्या होत गेल्या, नेल्लोर वगैरे. १८४७ मध्ये मद्रासला त्याचं पन्नास रंगीत चित्रांचं पुस्तक पुरं झालं. त्यातली बरीच चित्रं देशी चित्रकारांच्या हातची आहेत. आणि १८६२ ते १८६४ मध्ये कलकत्त्याला 'द बर्ड्‌स ऑफ इंडिया' निघालं, हजारावर जातींची माहिती असलेलं. त्याआधी ही माहिती लंडन-कलकत्त्याच्या नियतकालिकांत विखुरलेली होती. जिल्ह्याच्या ठिकाणी एकट्यानं राहणाऱ्या माणसाला पक्षी ओळखायला जवळ पुस्तकच नव्हतं. जेर्डननं ते दिलं. १८६७ ला सस्तन प्राण्यांवरचंही आलं. त्यात प्राण्यांची मराठी नावं इंग्रजी अक्षरांत दिली आहेत. कोळसून वाचलं आणि मला माझी आजी आठवली. ती रानकुत्र्याला कोळसूनच म्हणायची. इंग्रज डॉक्टरला हे नाव कुणी सांगितलं असेल? कुणी फासेपारधी, कुणी गुराखी, कुणी छावणीतला नोकर. त्यांची नावं पुस्तकात नाहीत. साइक्सनं तर याच कोळसूनला १८३१ मध्ये जे शास्त्रीय नाव दिलं त्यातच दख्खन घालून ठेवलं.

जरा विषयांतर करतो. मलबारच्या वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ पासून ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा कोकणी विद्वानांचं प्रमाणपत्र छापलंय, नागरी लिपीत! शिवाजी महाराज हयात असताना आपली अक्षरं हॉलंडात छापून निघाली होती, एका झाडपाल्याच्या पुस्तकात. हा ग्रंथ विकत घेण्याची माझी ऐपत नाही, पुढच्या जन्मीही असेल असं वाटत नाही. त्याची चित्रं मी संगणकावर बघतो.

लोकांना वाटतं की जुनी पुस्तकं जमवायला खूप पैसा लागतो. पहिल्या आवृत्त्या, हातानं रंगवलेली चित्रं हवी असतील तर लागतोच. पण पगारदार माणसाला जमेल असंही पुष्कळ आहे. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेचे सुटे खंड मिळतात. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जुने अंक मिळतात. ही सोसायटी १८८३ ची, आठ माणसांनी सुरू केलेली. त्या आठांतला एक एडवर्ड आइटकेन, जन्म आपल्या साताऱ्याचा, मिठावरच्या सरकारी खात्यातला माणूस. 'ईहा' या टोपणनावानं त्यानं घराच्या व्हरांड्यातले बेडूक, पाली, मुंग्या, कावळे यांच्यावर इतकं मजेदार लिहिलंय की हसून पुरेवाट होते. त्याची पुस्तकं अजूनही फार महाग नाहीत. शिवाय आपल्याकडचे जुने मराठी वनौषधीचे ग्रंथ आहेत. वैद्यांच्या, देशमुखांच्या वाड्यांतून ते निघतात. समासात कुणीतरी बोरूनं लिहिलेलं असतं, या पाल्याचा गुण आला, याचा नाही. छापील मजकुरापेक्षा मला तो समास जास्त मोलाचा वाटतो.

घेताना एकच काळजी घ्यायची. पानं मोजायची, आणि त्याहून जास्त काळजीनं चित्रं मोजायची. सुरुवातीला चित्रांची यादी असते, तिच्याशी एकेक ताडून बघायचं. कारण जुन्या पुस्तकातली रंगीत चित्रं ब्लेडनं कापून, फ्रेम करून विकली की पुस्तकापेक्षा जास्त पैसे येतात. असा धंदाच आहे. कापलेल्या पानाची आत शिवणीजवळ एक बारीक पट्टी राहते. बोट फिरवलं की लागते.

सांभाळणं सोपं आहे. भिंतीला चिकटून कपाट ठेवायचं नाही, वर्षातून दोनदा पुस्तकं काढून झटकायची, वेखंडाचे तुकडे ठेवायचे. आमच्या आजोबांच्या पोथ्यांत कडुनिंबाचा पाला असायचा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, हात जोडून सांगतो. काही वर्षांनी ती चिकटपट्टी पिवळी पडते आणि अक्षरं घेऊन निघते. सोलापुरी ऊन आणि जालन्याचं ऊन यात मला फरक वाटत नाही, पण आपल्याकडे हवा कोरडी असल्यानं बुरशीचा त्रास कोकणापेक्षा कमी, हे आपलं भाग्य.

बाकी शत्रू म्हणजे कसर, वाळवी आणि रद्दीवाला. रद्दीवाल्याला नावं ठेवत नाही, माझी अर्धी पुस्तकं त्याच्याकडूनच आली. पण एक गोष्ट सांगतो. ॲलन ह्यूम, १८८५ मध्ये काँग्रेस ज्यांच्या पुढाकारानं स्थापन झाली तेच. हा माणूस देशातला सगळ्यात मोठा पक्षितज्ज्ञ होता. सिमल्याच्या घरी त्याचा प्रचंड संग्रह होता, आणि भारतातल्या पक्ष्यांवरच्या मोठ्या ग्रंथाचं हस्तलिखित होतं, पंचवीस वर्षांच्या टिपणांचं. १८८४ च्या हिवाळ्यात तो खाली मैदानात गेला. परत आला तर कागद नाहीत. नोकरानं ते सिमल्याच्या बाजारात रद्दी म्हणून विकले होते. पुड्या बांधल्या गेल्या असतील त्यांच्या. ह्यूमनं त्यानंतर पक्ष्यांचा नादच सोडला. पक्ष्यांची ऐंशी हजारांवर कातडी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकली. तो ग्रंथ कधीच झाला नाही.

आता तुम्ही विचाराल, दीडशे वर्षांपूर्वीच्या पक्ष्यांच्या यादीचं आज काय करायचं? नावं बदलली, वर्गीकरण बदललं, हे खरं. पण बघा, जेर्डननं माळढोक दख्खनच्या उघड्या माळरानावरचा पक्षी म्हणून लिहिलाय. आपल्यापैकी किती जणांनी माळढोक पाहिलाय? मी हात वर करायला सांगत नाही. देशभरात मिळून आज दीडशेच्या आसपास उरले असतील. आपल्या जिल्ह्यात पडीक माळ म्हणजे वाया गेलेली जमीन असं सगळे धरून चालतात. तिथं एमआयडीसी होते, प्लॉट पडतात. त्या माळावर काय होतं याची नोंद सातबाऱ्यात नसते. ती अशा पुस्तकात असते. आज घाणेवाडीच्या तलावावर दुर्बीण घेऊन जाणारी पोरं आहेत, वहीत नोंदी करतात. त्यांना मागची नोंद कुठली दाखवायची? जेर्डनची, आणि १९३१-३२ मध्ये सालीम अलींनी निजामाच्या राज्यात पक्ष्यांची पाहणी केली तिची. या दोन्ही गोष्टी जालन्यात पाहायला मिळत नव्हत्या.

आज पुष्कळ जुनी पुस्तकं इंटरनेटवर फुकट वाचता येतात, जेर्डनसुद्धा. त्यामुळे माझ्या खोलीची किंमत कमी झाली असं मुलगा म्हणतो. मला उलट वाटतं, पण त्याच्याशी वाद घालत नाही. मी काय केलं, त्याच्या तिन्ही भागांतली जिथं जिथं जालना आहे ती पानं छापून घेतली, आणि सोबत पक्ष्यांची आजची मराठी नावं लिहिली. त्याची बांधीव प्रत आज शाळेला देतोय.

आता सुरुवातीला म्हटलं ते. आठवीत असताना विज्ञान प्रदर्शनात मी 'आपले पक्षी' असा तक्ता केला होता. पहिला नंबर आला. मुख्याध्यापक सरांनी पाठ थोपटली. तुमच्यापैकी काहींना तो तक्ता आठवत असेल. नीलकंठ, खंड्या, हळद्या, इतकी सुंदर चित्रं कुठून आणलीस म्हणून विचारलं होतं. मी सांगितलं, मामानं मुंबईहून पाठवली. ती चित्रं शाळेच्या ग्रंथालयातल्या सालीम अलींच्या पुस्तकातली होती. दाढीच्या अर्ध्या ब्लेडनं तीन पानं कापली आणि खळ लावून चिकटवली. पुस्तक परत केलं तेव्हा ग्रंथालयाच्या सरांनी उघडून पाहिलं नाही. माझ्यावर विश्वास होता त्यांचा. प्रदर्शन संपल्यावर तो तक्ता व्हरांड्यात पावसानं भिजला आणि गेला. सर आता नाहीत. त्यांना सांगायचं राहिलं.

पुस्तक घेताना मी चित्रं का मोजतो हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

त्याच पुस्तकाची त्या काळातली आवृत्ती मी बरीच वर्षं शोधत होतो. दोनदा मिळाली, दोन्ही वेळा आतली काही चित्रं गायब. माझ्यासारखे विद्यार्थी सगळीकडेच असतात. गेल्या वर्षी पुण्यात एक पूर्ण प्रत मिळाली. ती आज आणली आहे.

एक विनंती आहे. दिवाळीत माळा झाडताना जुनी वैद्यकाची, शेतीची, झाडांची पुस्तकं, मोडीतल्या वह्या निघाल्या तर रद्दीत देण्याआधी ग्रंथालयात एकदा दाखवा. नको असलेलं परत न्या.

आणि ग्रंथपाल मॅडम, हे पुस्तक रजिस्टरला चढवताना चित्रांची पानं मोजून आकडा लिहा. खाली मी सही करतो.